निर्दोषत्वाची अट : 'कॅथी कम होम' आणि बेघर कुटुंबाचा प्रश्न

१

१६ नोव्हेंबर १९६६ रोजी बी. बी. सी. ने 'वेन्सडे प्ले' ह्या आपल्या साप्ताहिक नाट्यमालेत 'कॅथी कम होम' हे चित्रनाट्य प्रक्षेपित केले. जेरेमी सँडफर्ड हे त्याचे लेखक, टोनी गार्नेट हे निर्माते आणि केन लोच हे दिग्दर्शक होत. सुमारे एक कोटी वीस लक्ष लोकांनी, म्हणजे ब्रिटनच्या जवळजवळ एकचतुर्थांश लोकसंख्येने, त्या रात्री ते पाहिले. पुढे दोन महिन्यांच्या आतच, ११ जानेवारी १९६७ रोजी, त्याचे पुनःप्रक्षेपण करावे लागले. कलाकृतीच्या सामाजिक परिणामाची चर्चा निघाली की आजही ह्या चित्रनाट्याचे नाव हटकून घेतले जाते. त्याच्या प्रक्षेपणानंतर पंधरा दिवसांनी, १ डिसेंबर १९६६ रोजी, बेघरांसाठी झटणारी 'शेल्टर' ही संस्था जाहीररीत्या सुरू झाली. आणि १९७७ साली बेघर व्यक्तींच्या निवासाविषयीचा स्वतंत्र कायदा ब्रिटिश पार्लमेंटने संमत केला. चित्रनाट्य, संस्था आणि कायदा ह्या तीन गोष्टी एका सूत्रात ओवून कलेच्या विजयाची एक सुबोध कथा सांगण्याची प्रथा त्यामुळे पडून गेली आहे.

ह्या कथेत दोन उणिवा आहेत. पहिली उणीव इतिहासाची आहे. 'शेल्टर'ची सिद्धता प्रक्षेपणापूर्वीच चाललेली होती. दोन्ही घटना लागोपाठ घडल्या, परंतु एकीतून दुसरी जन्मली असे म्हणता येत नाही. दुसरी उणीव समीक्षेची आहे, आणि ती अधिक गंभीर आहे. परिणाम झाला असे सांगताना तो कोणत्या प्रकारचा झाला, आणि कृतीच्या कोणत्या गुणामुळे झाला, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रेक्षकांची सहानुभूती जागृत झाली एवढ्यावर समाधान मानले जाते. परंतु सहानुभूतीलाही आकार असतो. ती कोणाविषयी वाटली आणि कोणत्या अटीवर वाटली, ह्यावर तिच्यातून उभ्या राहणाऱ्या साहाय्याचे स्वरूप अवलंबून असते. 'कॅथी कम होम'ने बेघरपणाचे जे कारण दाखविले ते यथार्थ होते. मात्र ते पटविण्यासाठी त्याने जी नायिका निवडली, तिच्या निर्दोषत्वामुळे एक जुनाच निकष नव्या रूपाने टिकून राहिला. प्रस्तुत विवेचनाचा मुख्य मुद्दा हा आहे.

२

कथानक थोडक्यात असे आहे. कॅथी (कॅरोल व्हाइट) ही तरुणी आपले गाव सोडून शहरात येते. तेथे रेग (रे ब्रुक्स) ह्या मालमोटारचालकाशी तिची ओळख होते, प्रेम जमते व विवाह होतो. दोघे एका नव्या, आधुनिक इमारतीत बिऱ्हाड करतात; तेथे मुलांना मज्जाव असतो. कॅथीला दिवस जातात. त्याच सुमारास रेगला अपघात होतो व त्याची चांगल्या मिळकतीची नोकरी सुटते. येथून पुढे राहत्या जागांची एक उतरंड सुरू होते. प्रथम रेगच्या आईची दाटीवाटीची जागा. मग एका वृद्ध व प्रेमळ घरमालकिणीकडील खोल्या. तिच्या मृत्यूनंतर तिच्या वारसाकडून थकलेल्या भाड्याची मागणी, न्यायालयाचा हुकूम आणि बेलिफांकडून बळाने घराबाहेर काढले जाणे. त्यानंतर चाकांवरच्या घरांची वस्ती आणि तिला लागणारी आग. त्यानंतर ओसाड, मोडकळीस आलेली घरे. आणि अखेरीस स्थानिक संस्थेचे तात्पुरते निवासस्थान. ह्या निवासस्थानात पतीला राहण्याची मुभा नसते. रेग हळूहळू दुरावतो. कॅथीची तेथील अधिकाऱ्यांशी खडाजंगी होते, तिची मुदत संपते, आणि एका रेल्वे स्थानकावर तिची मुले तिच्या हातांतून हिसकावून घेतली जातात.

रचनेच्या दृष्टीने पाहता ह्या कथानकाचे वैशिष्ट्य हे की त्यातील घटनाक्रम पात्रांच्या स्वभावातून उद्भवत नाही. शोकात्म नाट्यात नायकाचा एखादा स्वभावदोष त्याच्या पतनाचे बीज ठरतो अशी परंपरागत कल्पना आहे. येथे प्रत्येक पायरीवर पतनाचे कारण घराच्या व्यवहारात आहे: मुलांना मज्जाव करणारा करार, अपघातानंतर न पेलणारे भाडे, मालकी हक्काचे हस्तांतर, शेजाऱ्यांचा विरोध, नगरपालिकेची लांबलचक प्रतीक्षायादी. राहती जागा बदलली की त्याबरोबर माणसाची पत, त्याचे शेजारी आणि नोकरी मिळण्याची शक्यता बदलते. आणि ती बदलली की पुढची जागा आणखी हलक्या प्रतीची मिळते. ही साखळी सँडफर्ड ह्यांनी अत्यंत नेमकेपणाने जोडली आहे. एखाद्या समाजशास्त्रीय निबंधात जे दहा कोष्टकांनी सिद्ध करावे लागेल, ते येथे जागांच्या केवळ क्रमाने सिद्ध होते.

ह्या रचनेला चित्रीकरणपद्धतीची साथ आहे. हलक्या, हातात धरण्याजोग्या सोळा मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने प्रत्यक्ष रस्त्यांवर व वस्त्यांत बराचसा भाग टिपला गेला आहे. ध्वनिपट्टीवर कॅथीचे पश्चात्कथन ऐकू येते; परंतु त्याच्याच बरोबरीने अनामिक आवाज येत राहतात. शेजारी, भाडेकरू, अधिकारी ह्यांची वाक्ये एकमेकांवर चढतात, आणि त्यांतून घरांच्या टंचाईची आकडेवारी कानावर पडते. कॅथीची कथा ही एकटीची कथा नाही हे ह्या आवाजांमुळे सतत जाणवत राहते. चित्रित घटना गेल्या अठरा महिन्यांत ब्रिटनमध्ये प्रत्यक्ष घडल्या आहेत, असे शेवटी पडद्यावरील मजकूर सांगतो. काल्पनिक पात्रे व अनुबोधपटाची शैली ह्यांच्या ह्या मिश्रणावर त्या काळी बराच आक्षेप घेतला गेला: प्रेक्षकाला सत्य काय व रचित काय हे कळेनासे होते, अशी तक्रार होती. ह्या आक्षेपात तथ्य आहे, पण त्याचा रोख चुकला आहे. घटना खऱ्या की खोट्या हा प्रश्न गौण होय. अनेक कुटुंबांवर निरनिराळ्या वेळी ओढवलेली संकटे एकाच कुटुंबावर लादली गेली, आणि ते कुटुंब कसे निवडले गेले, हा खरा विचारणीय भाग आहे.

३

त्याआधी ह्या कृतीचे सर्वांत मोठे श्रेय तिला दिले पाहिजे. बेघर कुटुंबाला मिळणारी मदत हीच कुटुंब मोडण्याचे कारण होऊ शकते, हे तिने निःसंदिग्धपणे दाखविले.

त्या वेळी लागू असलेला कायदा १९४८ चा राष्ट्रीय साहाय्य कायदा होता. ज्या परिस्थितीची पूर्वकल्पना करणे शक्य नव्हते अशा परिस्थितीतून उद्भवलेल्या निकडीच्या गरजेपोटी तात्पुरता निवारा देण्याचे कर्तव्य त्याच्या तिसऱ्या भागान्वये स्थानिक संस्थांवर होते. शब्द तपासून पाहण्याजोगे आहेत. आग किंवा पूर ही पूर्वकल्पना नसलेली आपत्ती. परंतु भाडे थकल्यामुळे घर सुटणे ही गोष्ट अगोदर कळण्यासारखी होती, असे म्हणावयास ह्या शब्दांनी वाव ठेवला. शिवाय हे काम घरबांधणी खात्याकडे नव्हते, ते कल्याण खात्याकडे होते. घर नसणे ही घराची उणीव न ठरता कुटुंबाची उणीव ठरली, ती ह्या खातेवाटपातून.

निवासस्थानांच्या इमारतींनाही इतिहास होता. त्यांतील कित्येक इमारती जुन्या दरिद्री-कायद्याखालील कार्यगृहांच्या होत्या. लंडनमधील न्यूइंग्टन लॉज हे त्यांपैकी कुप्रसिद्ध उदाहरण. १८३४ च्या दरिद्री-कायद्याने कार्यगृहात पतिपत्नींना वेगळे ठेवण्याची पद्धत रूढ केली होती. मदत स्वीकारणे इतके अप्रिय व्हावे की खरोखर निरुपाय असल्याखेरीज कोणी दाराशी येऊ नये, हे तिच्यामागील तत्त्व होते. १९४८ साली जुना कायदा रद्द झाला, परंतु इमारतींबरोबर तिच्यातील शिस्तही बऱ्याच अंशी पुढे चालत आली. केंट परगण्यातील वेस्ट मॉलिंग येथील किंग हिल वसतिगृहात १९६५-६६ मध्ये ह्याच नियमाविरुद्ध संघर्ष झाला. बायकामुलांबरोबर राहण्याचा आग्रह धरून काही पतींनी नियम मोडला, न्यायालयाचे मनाई हुकूम झुगारले आणि तुरुंगवासही पत्करला. 'कॅथी कम होम' प्रक्षेपित झाले तेव्हा ही घटना ताजी होती.

ह्या पार्श्वभूमीवर चित्रनाट्यातील वसतिगृहाचा भाग पाहिला म्हणजे त्याचे मर्म ध्यानात येते. रेग हा जात्या बेजबाबदार मनुष्य नव्हे. परंतु रोज बिऱ्हाडी परतणारा पती आणि भेटीच्या वेळी येणारा पाहुणा ह्यांत जे अंतर आहे, ते त्याला हळूहळू गिळते. पैसे पाठविण्यात खंड पडतो. आणि तो पडला की कॅथीचे वसतिगृहातील स्थान डळमळते. नियमाने आधी नवऱ्याला बाहेर ठेवले, आणि मग त्याच्या अनुपस्थितीचा जाब पत्नीला विचारला. समितीपुढे कॅथीची जी उलटतपासणी होते तिच्यातील प्रश्न वरकरणी साधे आहेत: जागा शोधण्यासाठी काय काय प्रयत्न केले, किती ठिकाणी विचारले. परंतु प्रत्येक प्रश्नाच्या पोटी असे गृहीत आहे की घर मिळणे हा प्रयत्नाचा विषय आहे. कुटुंबाला स्वतःच्या पायांवर उभे करण्यासाठी दिलेला निवारा त्याच्या उभे राहण्याचा आधारच काढून घेतो, ही विसंगती इतक्या स्पष्टपणे फार थोड्या कलाकृतींनी मांडली आहे.

४

आता मुख्य आक्षेपाकडे वळता येईल. कॅथी आणि रेग हे तरुण आहेत, देखणे आहेत, विवाहित आहेत, कष्टाळू आहेत, एकमेकांवर प्रेम करणारे आहेत. ते गौरवर्णीय इंग्रज आहेत. त्यांना मद्याचे व्यसन नाही, मानसिक व्याधी नाही, गुन्ह्याचा इतिहास नाही. त्यांच्या संसाराचा आरंभ चांगल्या घरात व चांगल्या मिळकतीवर होतो. वास्तविक त्या दशकातील लंडनमध्ये घरांच्या टंचाईचा सर्वाधिक जाच ज्यांना होत होता त्यांत वेस्ट इंडीजमधून व आयर्लंडमधून आलेली कुटुंबे होती. त्यांना भाड्याने खोली मिळणेही दुरापास्त होते. १९५७ च्या भाडेकायद्याने नियंत्रण सैल केल्यानंतर भाडेकरूंना हुसकावून लावण्याचे जे प्रकार घडले, त्यांची दखल १९६५ च्या मिल्नर हॉलंड समितीच्या अहवालाने घेतली होती. ह्या सर्वांमधून चित्रनाट्याने अशी जोडी निवडली की जिच्याकडे बोट दाखविणे कोणालाही अवघड जावे.

ह्या निवडीचे समर्थन करता येते. बेघर मनुष्य आळशी व बेफिकीर असतो असा प्रेक्षकाचा पूर्वग्रह असताना, त्याचे निरसन करावयाचे तर ज्याच्यावर असा आरोप टिकणार नाही असेच पात्र घेणे इष्ट ठरते. 'हे आपल्याही बाबतीत घडू शकेल' असे लक्षावधी घरांत वाटले ते त्यामुळेच. शिवाय कॅथीला सर्वस्वी निष्कलंक रंगविलेले नाही. घर अस्थिर असतानाच तिला मुले होत राहतात. ती चिडते, ओरडते, अधिकाऱ्यांचा अपमान करते. तिच्यावर ठेवला जाणारा ठपकाही ध्वनिपट्टीवर ऐकू येतो. दोष परिस्थितीतून निर्माण होतात, परिस्थिती दोषांतून नव्हे, असे ह्या क्रमाने सुचविले आहे, आणि हे सुचविणे कलादृष्ट्या अचूक आहे.

तथापि एवढ्याने आक्षेप संपत नाही. 'ही निर्दोष असूनही तिचे असे झाले' ह्या वाक्यातील 'असूनही' हा शब्द निकष कायम ठेवतो. कॅथीवर अन्याय झाला असे प्रेक्षक म्हणतो, कारण ती त्याला पात्र नव्हती. म्हणजे कोणीतरी पात्र असू शकते, हे त्याने मान्य केलेलेच आहे. मुलांना मायबापांपासून तोडणे हे आईच्या गुणदोषांची चौकशी करण्यापूर्वीच अमान्य असले पाहिजे, ह्या भूमिकेपर्यंत चित्रनाट्य प्रेक्षकाला नेत नाही. कारण त्याला तेथे न नेताही रडविता येते. पुढे स्वतः लोच ह्यांनी ही कृती पुरेशी राजकीय नव्हती असे म्हटले. जमिनीची मालकी, बांधकामाचा धंदा आणि त्यामागील भांडवल ह्यांना ती हात घालीत नाही असे त्यांचे म्हणणे. ते योग्यच आहे, पण त्यात एक भर घालणे आवश्यक आहे. उणीव केवळ विषयाच्या व्याप्तीत नाही, ती नायिकेच्या घडणीतही आहे.

५

हा केवळ रसग्रहणाचा प्रश्न राहिला असता तर त्याला इतके महत्त्व देण्याचे कारण नव्हते. परंतु हाच निकष पुढे कायद्यातही आढळतो. १९६८ च्या सीबोम समितीने बेघरांचे काम घरबांधणी खात्याकडे सोपविण्याची शिफारस केली, १९७४ च्या सरकारी परिपत्रकाने तिचा पुरस्कार केला, आणि स्टीफन रॉस ह्या लिबरल सदस्याने मांडलेल्या विधेयकातून १९७७ चा कायदा साकार झाला. बेघर कुटुंबास घर मिळवून देणे हे प्रथमच घरबांधणी यंत्रणेचे कायदेशीर कर्तव्य ठरले. पतीला बाहेर ठेवून आईमुलांना आसरा देण्याची कल्पना मागे पडली. जे एकत्र राहतात त्यांना एकत्र घर, हे तत्त्व रुजले. हे यश लहान नव्हे.

परंतु त्या कर्तव्याला चाळण्या होत्या. अर्जदार खरोखर बेघर आहे काय. त्याची गरज अग्रक्रमाची आहे काय. तो हेतुपुरस्सर बेघर झाला आहे काय. आणि त्याचा त्या गावाशी संबंध आहे काय. लहान मुले असलेल्या कुटुंबाला अग्रक्रम मिळाला. मात्र 'हेतुपुरस्सर बेघर' ह्या कल्पनेने जुनी तपासणी पुन्हा दारात आणून उभी केली. हा कायदा ऐतखाऊंना आमंत्रण ठरेल अशी पार्लमेंटमध्ये जी ओरड झाली तिच्यामुळे हे कलम अधिक कडक झाले. कॅथीच्या कथेला हे कलम लावून पाहावे. वृद्ध घरमालकिणीच्या खोल्यांचे भाडे थकले होते. ते जाणूनबुजून थकविले काय? रेगच्या आईची जागा सोडली ती अपरिहार्य म्हणून की कंटाळून? वसतिगृहातून हकालपट्टी झाली ती स्वतःच्या वर्तनामुळे नव्हे काय? कसबी अधिकाऱ्याला कॅथीलाही हेतुपुरस्सर बेघर ठरविता आले असते. जिच्या नावाने कायद्याचे श्रेय सांगितले जाते, ती त्याच कायद्याच्या दारातून परत फिरली असती, अशी शक्यता राहते.

'घर' ह्या शब्दाचा अर्थही ह्या चाळण्यांतून आकुंचन पावला. एका अतिथिगृहातील एकाच खोलीत, स्वयंपाकाची सोय नसताना, पतिपत्नी व दोन मुले राहत होती. हे कुटुंब बेघर नव्हे, असा निर्णय १९८६ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने दिला; कारण डोक्यावर छप्पर होते. त्याच वर्षी पार्लमेंटला कायद्यात दुरुस्ती करून, राहत राहणे वाजवी ठरेल अशीच जागा निवास मानावी, असे स्पष्ट करावे लागले. दुसरीकडे १९८० च्या कायद्याने नगरपालिकांची घरे भाडेकरूंना सवलतीने विकण्यास काढली, आणि विकलेल्या घरांच्या जागी तितकी नवी घरे उभी राहिली नाहीत. कर्तव्य कायद्यात राहिले व घरे घटली, की मधली जागा तात्पुरत्या निवासाने भरून निघते. २०२४ च्या मार्चअखेर एकट्या इंग्लंडमध्ये एक लाख सतरा हजारांहून अधिक कुटुंबे अशा निवासांत होती. स्कॉटलंडने वेगळी वाट धरली. तेथे अग्रक्रमाची अट २०१२ च्या अखेरीस रद्द झाली, आणि हेतूची चौकशी करणे २०१९ पासून ऐच्छिक ठरले. एकाच राज्यव्यवस्थेत दोन वाटा संभवतात, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

६

चाळणी लावल्याने निदान कुटुंबाचे भले होते काय, असा एक व्यावहारिक प्रश्न शिल्लक राहतो. बेघर कुटुंबाला प्रथम शिस्त, बचत, पालकत्व व नोकरी ह्यांचे शिक्षण द्यावे आणि ते 'तयार' झाले की मग स्वतंत्र घर द्यावे, अशी पायऱ्यापायऱ्यांची उपपत्ती अनेक देशांत दीर्घकाळ प्रचलित आहे. तिची कसोटी पाहणारा एक मोठा प्रयोग अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्याने केला. सप्टेंबर २०१० ते जानेवारी २०१२ ह्या काळात बारा ठिकाणच्या निवारागृहांतील २,२८२ कुटुंबांना यदृच्छेने चार गटांत विभागण्यात आले: दीर्घ मुदतीचे भाडे-साहाय्य, अल्प मुदतीचे भाडे-साहाय्य, सेवांसह संक्रमणकालीन निवास, आणि नेहमीची व्यवस्था. निष्कर्ष २०१५ व २०१६ साली प्रसिद्ध झाले.

ज्यांना दीर्घ मुदतीचे भाडे-साहाय्य मिळाले त्या कुटुंबांत पुन्हा बेघर होण्याचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले. त्याखेरीज मुलांची ताटातूट, घरातील मारहाण, आईचा मानसिक ताण, अन्नाची चणचण आणि मुलांचे शाळा बदलणे ह्या सर्वच गोष्टी कमी झाल्या. आणि ह्यांपैकी कशाचेही वेगळे शिक्षण त्यांना दिलेले नव्हते. संक्रमणकालीन निवासाने कुटुंबाच्या स्वास्थ्यात असा लाभ दाखविला नाही. शिवाय त्या निवासांच्या प्रवेशाच्या अटी अधिक कडक असल्यामुळे अनेक कुटुंबे त्या दारातूनच परतली. प्रयोगाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. दीर्घ मुदतीचे साहाय्य मिळालेल्या कुटुंबांत काम करण्याचे प्रमाण आरंभी काहीसे उतरले. आणि तीन वर्षांच्या हिशेबात नेहमीच्या व्यवस्थेपेक्षा सुमारे नऊ टक्के अधिक खर्च आला. इतक्या फरकाने इतका लाभ होत असेल तर तो महाग म्हणता येणार नाही. पण तो फुकट आहे असे म्हणणेही अप्रामाणिकपणाचे ठरेल.

ह्या निष्कर्षांच्या उजेडात चित्रनाट्याची उतरंड पुन्हा वाचली तर तिची सत्यता अधिकच पटते. घर गेल्यामुळे जे जे बिघडत गेले, ते ते घर मिळाल्यावर बऱ्याच अंशी सावरते. स्वावलंबन ही घराची पूर्वअट नव्हे. ते घराचे फळ आहे. सँडफर्ड ह्यांच्या रचनेत ही गोष्ट अनुस्यूत होती. त्यांच्या नायिकेच्या निवडीने ती झाकोळली.

७

निर्दोष नायिकेशिवाय हा विषय मांडता येतो काय? मुंबईच्या झोपडपट्ट्यांवर आनंद पटवर्धन ह्यांनी केलेला 'हमारा शहर' (१९८५) हा अनुबोधपट येथे तुलनेस घेणे उद्‌बोधक ठरेल. त्यात एक नायिका नाही. झोपड्या पाडल्या जात असताना अनेक माणसे बोलतात: कोणी रागाने, कोणी उपहासाने, कोणी थकून, शाहीर विलास घोगरे गातात. त्यातील एक बाई तर चित्रकर्त्यालाच फैलावर घेते: गरिबांची चित्रे घेऊन नाव तुमचे होणार, आमचे काय, असा तिचा रोख आहे. हा प्रसंग ठेवून पटवर्धन ह्यांनी सहानुभूतीचा सोपा मार्ग स्वतःच अडविला आहे. बोलणारी बाई आपले निर्दोषत्व सिद्ध करावयास आलेली नाही; ती हिशेब मागावयास आलेली आहे. प्रेक्षकाच्या डोळ्यांत येथे पाणी कमी येते, परंतु तिच्या पात्रतेची चौकशी करण्याचा अधिकारही त्याच्याकडे राहत नाही.

अर्थात् कलाकृतीने टाळलेला निकष व्यवहाराने टाळलेला नाही. पदपथवासीयांच्या खटल्यात १० जुलै १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड ह्यांच्या निकालपत्राद्वारे, उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे मान्य केले. पण नोटीस देऊन हटविण्याचा महानगरपालिकेचा अधिकारही मान्य केला. पर्यायी जागेचे आश्वासन १९७६ च्या गणनेत ओळखपत्र मिळालेल्यांपुरते होते. पदपथावरची कुटुंबे अशा गणनांत सहसा येतच नसत. म्हणूनच त्याच वर्षी 'स्पार्क' ह्या संस्थेने सुमारे सहा हजार पदपथवासी कुटुंबांची स्वतंत्र मोजणी केली. पुढे झोपडपट्टी पुनर्वसनात १ जानेवारी १९९५ आणि मग १ जानेवारी २००० ह्या तारखा पात्रतेच्या सीमा ठरल्या. लंडनमध्ये हेतू तपासला गेला, मुंबईत तारीख. आणि जुन्या इमारतींतून हलविलेली कुटुंबे संक्रमण शिबिरांत दशकानुदशके राहिली आहेत. तात्पुरत्याचे कायम होणे ही कोणा एका देशाची मिरास नव्हे.

८

'कॅथी कम होम' ही कृती थोर आहे, आणि तिचे थोरपण तिच्या घटनाक्रमात आहे. बेघरपण ही एका क्षणाची आपत्ती नसून ती एक प्रक्रिया आहे, आणि साहाय्याची चुकीची व्यवस्था त्या प्रक्रियेतील एक पायरी बनू शकते, हे तिने लाखो घरांत पोहोचविले. मात्र तिच्या नायिकेने मिळविलेली करुणा ही निवडक करुणा होती. अशा करुणेतून उभा राहणारा कायदा प्रत्येक अर्जदारात कॅथी शोधू लागतो, आणि बहुतेक अर्जदार कॅथीसारखे नसतात. कोणी व्यसनी असतो, कोणी कर्ज लपविलेले असते, कोणी मारणाऱ्या नवऱ्याकडे दोनदा परत गेलेली असते. त्यांच्याही मुलांना रात्री झोपावयास जागा लागते, आणि ती जागा पुढच्या वर्षीही तीच असावी लागते.

बेघरपणावरील साहित्याची व चित्रपटांची चिकित्सा करताना त्या कृतींनी किती अश्रू काढले ह्याची मोजदाद पुरेशी नाही. दुःखिताने आपली पात्रता सिद्ध करावी असे कृती मानते की नाही, आणि मानीत असल्यास ते तिच्या रचनेत कोठे दडले आहे, हा प्रश्न अभ्यासकाने विचारावयास हवा. मराठीत वस्ती, चाळ व झोपडपट्टी ह्यांच्या चित्रणाची परंपरा समृद्ध आहे. तिचे वाचन वास्तवदर्शनाच्या निकषावर पुष्कळ झाले आहे. ह्या निकषावर ते व्हावयाचे आहे.